आग्नेता मावशीची पावलं

किरगिझ डोंगरांखालच्या आमच्या जर्मन गावात, शोनतालमध्ये, आग्नेता मावशीला काही देणं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं होतं. देणारा ओरबाडून घेऊन घरी यायचा. मी लग्न होऊन तालासहून इथे आले त्या उन्हाळ्यात, नव्या सुनेने शेजारधर्म पाळावा म्हणून वाटीभर जर्दाळूचा मुरंबा तिच्याकडे नेला. तिने वाटी घेतली, "देव तुझं भलं करो" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत आली ती बादलीत बसून. बादलीत बटाटे, बटाट्यांवर अंडी, मधोमध वाटी आणि वाटीत लोणी. मीही तालासची, हट्टाला पेटले. पुन्हा वाटीभर मुरंबा दिला. या खेपेला हंसाच्या पिसांची अख्खी उशी आली.

"आता पुरे गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "आणखी एकदा दिलास तर ती गाय आणून बांधेल आपल्या दारात. मग दूध कोण काढणार?"

मावशी एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. पाट जिथे वळतो तिथे तिचं छोटं घर, एक गाय, एक हंसांचा कळप, आणि भिंतीवर तिने स्वतः निळ्या दोऱ्याने भरलेलं वचन: घेण्यापेक्षा देण्यात धन्यता अधिक. आमच्या प्रत्येक घरात असं काही ना काही भरलेलं टांगलेलं असतं, आणि बहुतेक घरांत त्यावर धूळ असते. मावशीने मात्र ते वचन फारच मनावर घेतलं होतं. गावात कुणी गेलं की तिच्या भट्टीतून झ्वीबाक निघायचे, ते पावावर छोटा पाव बसवलेले गोड पाव, आणि तेही इतके की रडणाऱ्या माणसांचं तोंड पावाने बंद व्हायचं. बाळंतिणीला सूप, शाळेच्या शिपायाला मोजे, कुणाचं काय अडलं की ही हजर. लोक तिला प्रेमाने आणि थोड्या थट्टेने 'आमची धन्य आग्नेता' म्हणायचे.

पाटापलीकडच्या बुरूलची एकटीची तिच्यावर थोडी मात्रा चालायची. किरगिझांच्या घरी दाराशी आलेल्या माणसाला भाकरीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय जाऊ देत नाहीत. भाकरीला नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. त्यामुळे मावशी घाईत असली तरी बुरूल तिला दारातच धरायची.

"चाख, आग्नेताताई. चाखल्याशिवाय एक पाऊल हलायचं नाही."

मावशी चिमणीच्या चोचीएवढा तुकडा तोडायची. आणि दुसऱ्या दिवशी बुरूलकडे घमेलंभर चीज जायचं. "एवढ्याशा तुकड्याला एवढं चीज!" बुरूल मला म्हणायची. "मी तिला अख्खी भाकरी खायला घातली, तर ही माझ्या नावावर घरच करून देईल."

आता पाय धुण्याचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभूभोजन झालं की आम्ही एकमेकांचे पाय धुतो. प्रभूने शिष्यांचे धुतले, म्हणून. पुरुष बाहेरच्या मोठ्या खोलीत, बायका मागच्या स्वयंपाकघरात. जोड्या लागतात. एकीने बसायचं, दुसरीने गुडघे टेकून धुवायचे, टॉवेलने पुसायचे, मग जागा बदलायच्या. शेवटी दोघींनी उभं राहून गालाला गाल लावायचा. धुणारी म्हणते, "प्रभू तुला धन्य करो," आणि जिचे धुतले ती म्हणते, "तुलाही, बहिणी." आमच्या मंडळीचे वडीलधारे प्रमुख, कॉर्नेलियसकाका एडिगर, दर वर्षी त्याच प्रसंगातलं प्रभूचं वाक्य वाचायचे: हे तुम्हाला समजलं आहे ना, मग ते कराल तर धन्य व्हाल. आणि दर वर्षी वर म्हणायचे, "कराल तर, बरं का. नुसतं समजून धन्य होता आलं असतं, तर आमची पुस्तकांची कपाटं आधी स्वर्गात गेली असती."

पाणी तापवायचं काम मावशीचं. किती वर्षांपासून, कुणालाच आठवत नाही. चुलीवर मोठी किटली, हाताशी बादल्या, खांद्यावर टॉवेलांची चळत. आम्ही बायका बसलेल्या असायचो आणि ही मध्ये भिंगरीसारखी. कुणाला जोडीदारीण नसली की मावशी पुढे यायची, गुडघे टेकायची, पाय असे धुवायची की बाई झोपेला यावी. आणि मग उठून बसायची पाळी हिची आली, की हिच्या मागून कुणीतरी हाक मारल्यासारखी ही दचकायची. "अगंबाई, पाणी उकळतंय!" आणि चुलीकडे पळायची. गर्दीत कुणाचं लक्ष जातंय? प्रत्येकीला वाटायचं, हिचे पाय दुसऱ्या कुणीतरी धुतले असतील.

मग सरहद्दी उघडल्या आणि लोक जर्मनीला जायला लागले. आधी तरुण गेले, मग त्यांच्या मागे म्हातारे. शेतं विकली, घरं विकली, कुत्री शेजाऱ्यांना दिली. दर ईस्टरला स्वयंपाकघरातला एकेक बाक कमी होत गेला. आणि बाक कमी झाले तसं मावशीचं बिंग उघडं पडत गेलं. मला आधी कळलं, मग सासूबाईंना. या बाईने आयुष्यात कधी कुणाला पाय धुऊ दिलेले नाहीत.

गावात यावर बोलणं झालंच. जाणाऱ्यांना सामान बांधता बांधता बोलायला विषय हवाच असतो. कुणी म्हणालं, तिला सहा बोटं आहेत. कुणी म्हणालं, युद्धाच्या वर्षांत उत्तरेच्या बर्फात बोटं गळून पडली, म्हणून लाजते. हे दुसरं सगळ्यांना पटलं. कारण उत्तरेला ती गेली होती हे खरं होतं. जर्मनीशी युद्ध, आणि आम्ही जर्मन रक्ताच्या, म्हणून आमच्या पोरीबाळींना तेव्हा सरकारने लाकूडतोडीला धरून नेलं. आमच्या गावातून गेल्या त्यांत सोळा वर्षांची आग्नेता होती, सतराच्या माझ्या सासूबाई, म्हणजे सुसाना, आणि सासूबाईंची मोठी बहीण मारिके. दोघी परत आल्या. मारिके तिकडेच राहिली. घरात तिचा एक फोटो होता, पण तिच्याविषयी सासूबाई मूग गिळून बसायच्या आणि मीही कधी विचारलं नाही.

तर एका वर्षी मंडळीत बायका उरल्या तीन. सासूबाई, मी आणि मावशी. आणि सासूबाईंचेही कागद आले. धाकट्या मुलीकडे, जर्मनीला, ईस्टर झाल्यावर. मी आणि माझा नवरा गेरहार्ट राहणार होतो. त्याच्या मधमाश्यांना पासपोर्ट मिळत नव्हता, असं तो म्हणायचा.

सासूबाईंच्या प्रवासासाठी मावशी आमच्याच भट्टीत झ्वीबाक वाळवत होती. आमच्यात दूर जाणाऱ्याला कडक वाळवलेले झ्वीबाक देतात, ते महिनोन्महिने टिकतात. उशीच्या खोळीच्या खोळी भरत होत्या.

"आग्नेता, विमानाला पंख असतात गं, पोट नसतं," सासूबाई म्हणाल्या. मग एकदम, काहीच विशेष नसल्यासारखं, "गुरुवारी तुझे पाय मी धुणार आहे."

मावशीच्या हातातला पाव खाली पडला. "पाणी कोण बघेल?"

"फ्रीडा बघेल," माझ्याकडे मान करून सासूबाई म्हणाल्या.

"फ्रीडाला चुलीचा अंदाज नाही."

"वीस वर्षं तिच्या हातचं खातेय मी, अजून जिवंत आहे. अंदाज आहे तिला." सासूबाईंनी खोळीचं तोंड करकचून बांधलं. "ऐक आग्नेता. तुझे पाय धुतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. तिकीट वाया गेलं तरी चालेल."

मावशीने पडलेला पाव उचलून ठेवला. उरलेले पाव न भरताच घरी गेली. तिने काम अर्धवट टाकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आणि सासूबाई एकदा नाही म्हणाल्या की देवाच्या बापालाही हो म्हणवता येत नाही, हेही मला माहीत होतं. तिकडे नणंद विमानतळावर येऊन उभी राहणार आणि इकडे ह्या दोघी म्हाताऱ्या पायांवरून अडून बसणार! मला दोघींचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. ती हंसांना दाणे टाकत होती.

"मावशी, गुरुवारी येतेस ना?"

"खोकला झालाय मला."

"कधीपासून?"

"सुसा बोलली तेव्हापासून." खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही.

मी म्हटलं, "मावशी, बोटं नसली तर नसली. आम्ही तिघीच आहोत. कुणाला सांगायचंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उलट्या बादलीवर बसली आणि हंसांकडे बघतच बोलली, मला सांगत नसल्यासारखी.

"बोटं आहेत गं सगळी. हीच तर गोष्ट आहे. माझे बूट फाटले होते. पायाला चिंध्या गुंडाळून मी बर्फात उभी राहायचे. मारिकेकडे लोकरीच्या नमद्याचे चांगले बूट होते, घरून आणलेले. एका सकाळी तिने ते काढले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, तू लहान आहेस, घाल, मला दुसरे मिळणार आहेत. कुठले दुसरे? मला माहीत होतं दुसरे नाहीत म्हणून. तरी मी घातले. ऊब इतकी होती, फ्रीडे, की मी मागे वळून बघितलंच नाही. तिचे पाय काळे पडले. मग ताप चढला. सुसा दुसऱ्या टोळीत होती, तिला शेवटचीच बातमी कळली. बूट कुणाकडे गेले ते तिला माहीत नाही. आणि आता ती म्हणते, मी तुझे पाय धुते. तिने माझ्यापुढे गुडघे टेकायचे? या पायांपुढे?" तिने स्कर्ट ओढून पाय झाकले. जाड मोजे आणि रबरी बूट होतेच, तरी झाकले. "मारिके देऊन गेली, ती धन्य झाली. मी घेणारी. तेव्हापासून देतेय, देतेय, पण पारडं काही हलत नाही."

मला रडू यायला हवं होतं, पण माझा स्वभाव वाकडा. मला संताप आला. पन्नास वर्षं या बाईने लोण्याच्या वाट्या वाहिल्या, आणि अजून स्वतःला गुन्हेगार समजते!

"मावशी," मी म्हटलं, "तू चिक्कू आहेस."

तिच्या हातातली दाण्यांची पाटी कलंडली. आयुष्यात तिला कुणी काहीही म्हटलं असेल, चिक्कू कुणी म्हटलं नव्हतं.

"चिक्कू नाही तर काय? देण्यात धन्यता आहे, असं भिंतीवर लिहून ठेवलंयस. आणि ती सगळी धन्यता तू एकटीने घरात कोंबून ठेवलीस. आम्हाला चमचाभर तरी मिळू दिलीस का कधी? मी वाटी दिली, तू बादली परत केलीस. म्हणजे पुन्हा देणारी तूच. मारिके धन्य झाली म्हणतेस. कशी झाली? तू पाय पुढे केलेस म्हणून ना? तू नको नको करत बसली असतीस, तर ती बिचारी बूट हातात धरून उभी राहिली असती, आणि थंडीने दोघी गेल्या असत्या. घेणारंच कुणी नसेल, तर देणाऱ्याने जायचं कुठे?"

मावशीने सांडलेले दाणे पाटीत गोळा केले. मग म्हणाली, "तुझी जीभ फार चालते, फ्रीडे. जरा हंसांना पाणी घाल."

मी हंसांना पाणी घातलं आणि घरी आले. सासूबाईंना यातलं एक अक्षर सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

गुरुवारी मावशी आली. हातात बादल्या, खांद्यावर टॉवेल. "पाण्याचं बघायला आलेय," असं आल्या आल्या जाहीर करून टाकलं. खोकल्याचं नाव नव्हतं. मोठ्या खोलीत कॉर्नेलियसकाकांनी ते नेहमीचं वाक्य वाचलं, कपाटांचंही सांगितलं, आणि गेरहार्टसमोर गुडघे टेकून बसले. आम्ही तिघी मागे गेलो. खिडकीतून डोंगर दिसत होते, आणि जिथे पूर्वी दाटीवाटीने बायका बसायच्या तिथे एकच बाक होता.

तिघी असल्या की जोडी लागत नाही, फेरा करावा लागतो. मावशीने माझे पाय धुतले. मी सासूबाईंचे धुतले. मग सासूबाई उठल्या, घमेलं बाकापुढे ओढलं आणि मावशीकडे बघितलं.

"अगंबाई, पाणी उकळतंय!" मावशी म्हणाली आणि चुलीकडे वळली.

चुलीवर काही नव्हतं. किटली मी आधीच उतरवून ठेवली होती.

मावशी रिकाम्या चुलीकडे बघत उभी राहिली. मागे सासूबाईंचे गुडघे कुरकुरले. संधिवात असलेली अडुसष्ट वर्षांची बाई हळूहळू, बाकाला धरून, खाली बसली.

"मी बसलेय गुडघ्यांवर," त्या म्हणाल्या. "तू येऊन बसेपर्यंत उठणार नाही. मला एकटीला उठताही येणार नाही म्हणा."

"सुसे, ऊठ. ऊठ गं. हे पाय..." मावशी चुलीकडेच बघत म्हणाली. "तुला माहीत नाही."

"काय माहीत नाही? बूट?"

मावशी चुलीकडून वळली.

"त्या डाव्या बुटाची टाच मीच शिवली होती, आग्नेता," सासूबाई म्हणाल्या. "घरून निघायच्या आधी. जाड दोरा नव्हता म्हणून आईच्या शालीचा लाल दोरा काढला. मारिके गेल्यावर मी तुमच्या टोळीकडे धावत आले, आणि तो लाल दोरा तुझ्या पायात बघितला. मी काय आंधळी होते?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून. आधी राग होता. खूप होता. मग तू पाव आणायला लागलीस. गेरहार्टच्या वेळी मी मरणाच्या दारात होते, तेव्हा तू महिनाभर माझ्या उशाशी बसलीस. राग कधी गेला, मलाही कळलं नाही. मग वाटायचं, ही आपण होऊन सांगेल. वाट बघता बघता म्हातारी झाले." त्यांनी पाण्यात हात घालून बघितला. "माझ्या बहिणीने या पायांसाठी आपले पाय दिले. तिने काय वाचवलं, ते मला एकदासुद्धा बघू दिलं नाहीस. आता मी जातेय. मला बघू दे."

मावशी बाकावर येऊन बसली. मोजे तिला सोडवेनात. ते सासूबाईंनीच काढले.

किती गोष्टी ऐकल्या होत्या आम्ही त्या पायांबद्दल! आणि पाय होते गोरेपान, मऊ, सरळ बोटांचे. आयुष्यभर जाड मोज्यांत राहिल्याने भेग नाही, घट्टा नाही. गावातल्या कुठल्याही तरुण पोरीने हेवा करावा असे पाय, आणि त्यांच्यावर सुरकुतलेली म्हातारी बसलेली.

सासूबाईंनी ते पाण्यात घेतले. धुतले थोडे, हातात धरून बसल्या जास्त. मग एकेक बोट चिमटीत धरून बघायला लागल्या, नुकत्या जन्मलेल्या बाळाची बोटं बघतात तशी.

"सगळी आहेत," त्या म्हणाल्या. त्यांचं रडणं आणि हसणं एकच झालं होतं. "फ्रीडा, बघ गं. सगळी आहेत. करंगळीसुद्धा."

मी काय बघणार? मला समोरचं काही दिसत नव्हतं.

त्यांनी पाय पुसले. मग मी एकीकडून आणि मावशीने दुसरीकडून धरून त्यांना उठवलं. दोघींनी गालाला गाल लावला. "प्रभू तुला धन्य करो," सासूबाई म्हणाल्या. आता मावशीने उत्तर द्यायचं होतं. गावातल्या प्रत्येक बाईच्या तोंडून तिने ते ऐकलेलं, पण स्वतः म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. ती अडखळली. शब्द विसरली म्हणा, किंवा निघेना म्हणा.

"तुलाही," मी मागून पुटपुटले.

"तुलाही," मावशी म्हणाली. "तुलाही, सुसे. बहिणी."

बाहेर येईपर्यंत कॉर्नेलियसकाका आणि गेरहार्ट कोट घालून ताटकळले होते. "बायकांच्या पायांना फार धूळ असते वाटतं," काका म्हणाले. आम्ही तिघींनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी टोपी सारखी केली आणि हवेबद्दल बोलायला लागले.

सासूबाई ईस्टरनंतर गेल्या. चार खोळी झ्वीबाक घेऊन गेल्या आणि विमानात शेजारच्या प्रवाशांना वाटले, असं नणंदेने फोनवर सांगितलं. त्या दिवशी निरोप द्यायला मावशी आमच्या फाटकापर्यंत आली होती. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी तिला पोचवायला निघाले, तेव्हा बुरूलने तिला आपल्या दारात धरलं, भाकरी पुढे केली. मावशीने मोठा तुकडा मोडला आणि तिथेच उभी राहून सावकाश खाल्ला. बुरूलने माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं.

जून सरता सरता जर्दाळू पिकले. मी मुरंबा केला आणि इतक्या वर्षांनी पुन्हा वाटीभर मावशीकडे देऊन आले. मग बादलीची वाट बघत बसले. दुसऱ्या दिवशी बादली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला बरं नाही की काय, म्हणून मी निघतच होते, तेवढ्यात ती स्वतःच पाटाच्या कडेकडेने आली. पायात मोजे नव्हते. साध्या चपला.

तिने वाटी माझ्या हातात दिली. स्वच्छ धुतलेली आणि रिकामी.

"छान झाला होता गं," ती म्हणाली. "सगळा मीच खाल्ला."